कोपऱ्यातली तारीख

टेंबे मॅडमच्या वर्गात चूक पुसायला बंदी होती. फळ्यावर गणित सोडवताना एखाद्या मुलाची पायरी चुकली, की मॅडम ती पायरी उचलून फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहीत, भोवती चौकट आखत आणि खाली त्या मुलाचं नाव टाकत. मग ती तिथे दोन दिवस राही, चार दिवस राही, कधी पंधरा दिवससुद्धा. बाकीचा फळा तासाला दोनदा ओल्या फडक्यानं पुसला जाई, पण कोपऱ्याला कुणी हात लावायचा नाही. ज्याची चूक त्यानंच उठायचं, सगळ्यांसमोर ती कुठे झाली ते सांगायचं आणि मग स्वतःच्या हातानं पुसायचं.

"आधी गलती सांगायची, मग पुसायची," त्या म्हणत. "नुसतं पुसलं तर ती परत येते. मला मालूम आहे."

मी मूळची सांगलीची. नवऱ्याला पीथमपूरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इंदूरला आले आणि भंवरकुआंजवळच्या एका मोठ्या क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायला लागले. माझा स्वभाव असा, की बसमध्ये कुणी माझ्या पायावर पाय दिला तर मीच सॉरी म्हणते. अशा बाईला स्टाफरूममध्ये टेंबे मॅडमच्या शेजारची खुर्ची मिळाली. सहा वर्षं मी त्या खुर्चीवर बसले आणि बरंच काही शिकले. त्यातलं सगळंच चांगलं होतं असं नाही.

क्लासची इमारत पाच मजली. दर पंधरा दिवसांनी परीक्षा व्हायची आणि जिन्यात यादी लागायची. पहिली साठ मुलं पाचव्या मजल्यावर, एसीत. त्याखालची साठ चौथ्यावर. असं करत करत जी उरत ती तळघरात, पाण्याच्या मोटारीच्या शेजारी. यादी लागली की मुलं दप्तरं उचलून जिन्यानं वर-खाली जायची आणि खाली जाणारी मुलं भिंतीला चिकटून चालायची. तळघराला गणित शिकवायच्या टेंबे मॅडम.

त्या आधी पाचव्या मजल्यावर होत्या. मग बाहेरगावाहून एक तरुण मास्तर आला, टाइट शर्टातला. डायरेक्टर सरांनी मॅडमना बोलावून सांगितलं, "मॅडमजी, आजकल पेरेंट्स को फ्रेश चेहरा चाहिए. आप नीचे संभाल लीजिए." मॅडम पासष्टीच्या पुढे होत्या. ठेंगण्या, काटकुळ्या, कडक इस्त्रीची सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. खडू चष्म्याच्या घरात ठेवत आणि जीरावनाची, पोह्यांवरच्या इंदुरी मसाल्याची, डबी पर्समध्ये. डब्यातल्या वरणभातावरही त्या जीरावन भुरभुरवत. सरांचं बोलणं ऐकून त्यांनी भांडण केलं नाही. "ठीक है," म्हणाल्या आणि खाली गेल्या. फक्त त्या दिवसापासून सर समोर आले तर त्या खुर्चीवरून उठायच्या बंद झाल्या.

दोन वर्षांनी तळघरातली तीन मुलं अशा ठिकाणी लागली, जिथे पाचव्या मजल्यावरचं एकच लागलं होतं. डायरेक्टर सर गुच्छ आणि फोटोग्राफर घेऊन खाली उतरले. चौकात मोठं होर्डिंग लावायचं होतं. मुलांना पाचव्या मजल्यावर नेऊन काचेसमोर उभं करायचा बेत होता, पण तिन्ही मुलं जागची हलेनात. फोटो काढायचा तर इथेच. सरांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम फळा पुसत होत्या.

"मैं क्या बोलूं भिया," त्या म्हणाल्या. "बच्चे हैं. जिद्दी हैं."

तर त्या वर्षी सबंध चौकाला वर्षभर दिसत होतं ते असं: तीन हसणारी मुलं, मागे ओल आलेली भिंत आणि डाव्या हाताला पाण्याची मोटार. मॅडम घरी जाताना रिक्षावाल्याला मुद्दाम तिकडून न्यायला सांगत. मला वाटलं, बाई गमतीशीर आहे. या बाईचा राग किती जुना आहे आणि खरा कुणावर आहे, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

एका दुपारी त्यांनी मला विचारलं, "तुझ्याकडे स्कूटी आहे ना गं? एक काम करशील? लोकमान्यनगरला एक डबा पोचवायचा आहे."

डबा सराफ्यातल्या एका मिठाईच्या दुकानातला होता. आत अर्धा किलो मावाबाटी, पाकात बुडालेली, आणि झाकणाला चिकटवलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर आकडा, दहा, आणि पुढे एका मुलाचं नाव. बाकी काही नाही.

"कुणाला द्यायचा?"

"लोकमान्यनगरवाले टेंबे आहेत. वसंत टेंबे. हातात द्यायचा. बायकोच्या नको."

"तुमचे नातेवाईक का?"

"आडनाव एक आहे," मॅडम म्हणाल्या.

लोकमान्यनगरवाले टेंबे सरकारी नोकरीतून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेले गृहस्थ निघाले. घरातही शर्ट इस्त्रीचा, खिशाला पेन. मी डबा पुढे केला. त्यांनी झाकणावरची चिठ्ठी वाचली, ती काढून घडी करून खिशात घातली आणि डबा तसाच माझ्यादेखत फाटकाजवळच्या चौकीदाराला दिला. "मला शुगर आहे," ते म्हणाले, आणि दार लावून घेतलं. नाक हुबेहूब मॅडमचं होतं.

मी परत येऊन मॅडमना सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "चिठ्ठी वाचली?" आणि "खिशात ठेवली?" दोन्हीला हो म्हटल्यावर त्यांनी मला चहा पाजला, आणि त्या चहावर सगळं सांगितलं.

वसंत टेंबे हा त्यांचा सख्खा मोठा भाऊ. वडील मिलमध्ये कारकून, घर परदेशीपुऱ्यात. दक्षिणेत विज्ञानाची एक संस्था आहे. नाव सांगत नाही, मॅडमही कधी घेत नसत. त्या नुसतं "तिकडे" म्हणत. देशभरातून हजारो मुलं परीक्षा देतात आणि मूठभर आत जातात. भावानं बीएस्सीनंतर दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा नकार आला. मग बहिणीनं परीक्षा दिली. पत्राची वाट बघितली. पत्र आलं नाही. सुमन टेंबे या मुलीनं आपल्या कुवतीबद्दल जे समजायचं ते समजून घेतलं आणि एका शाळेत नोकरी धरली.

"वडील गेले तेव्हा घर रिकामं करत होतो," मॅडम सांगत होत्या. "दादांचं, या भावाचं, कपाट कबाडीला द्यायचं होतं. मी कप्प्यातला पेपर काढला. त्याच्या खाली लिफाफा. माझं नाव. फोडलेला. मुलाखतीला बोलावलं होतं गं मला. तारीख दिली होती. सोळा वर्षं त्या लिफाफ्यावर त्यांचे शर्ट ठेवलेले होते, इस्त्री केलेले."

"तुम्ही विचारलं नाही त्यांना?"

"विचारलं. म्हणाले, मला काय मालूम, आईनं ठेवला असेल. आई तर वाचूच शकत नव्हती." त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला. "पत्र फाडलं असतं तर मी माफ केलं असतं कदाचित. पण त्यांनी ठेवलं. आणि मी सोळा वर्षं स्वतःला ढ समजत राहिले. ढ मुलीला जे मिळतं ते गुपचूप घेत राहिले. त्याचं काय करायचं, तू सांग."

तेव्हापासून त्यांनी भावाला दादा म्हणणं सोडलं. आणि तेव्हापासून त्यांचा एकेक विद्यार्थी "तिकडे" लागला, की लोकमान्यनगरला एक डबा जायचा. एखाद्या वर्षी नाही, एखाद्या वर्षी दोन. पुढे भावाला मधुमेह झाला, पण मिठाई बदलली नाही. मला वाटतं, त्यानंतर ती जास्तच पाकातली झाली. अकरावा, बारावा आणि तेरावा डबाही मीच पोचवला. मला त्या कामात हळूहळू गोडी लागली, हे लपवून काय करू?

परदेशीपुऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत मी त्याच सुमारास जाऊ लागले. बाहेरच्या खोलीत भिंतभर फळा होता आणि सुट्टीच्या दिवशी तळघरातली चार-सहा मुलं तिथे शिकायला येत. त्या फळ्याच्या कोपऱ्यातही चौकट होती. आत नुसती एक तारीख. पायरी नाही, खाली नाव नाही. खडू झिजला की मॅडम ती पुन्हा गिरवत. मुलं विचारायची, "मॅडम, ये किसकी गलती है?" मॅडम म्हणायच्या, "ज्याची आहे तो येईल."

आणि तो आला. त्याचं असं झालं.

वसंतरावांचा मुलगा आणि सून मस्कतला असतात. नात मीरा मात्र आजी-आजोबांकडे राहून आमच्या क्लासला होती, पाचव्या मजल्यावर. हुशार, बोलायला कमी. तिलाही तिकडेच जायचं होतं, आणि आजोबांना तर तिच्याहून जास्त. अकरावीत दिवाळीनंतर तिला टायफॉइड झाला, दोन परीक्षा बुडाल्या आणि यादीतून घसरत घसरत ती महिन्याभरात तळघरात आली. वसंतराव डायरेक्टर सरांकडे गेले. सरांनी यादीकडे बोट दाखवलं. मग ते जिना उतरून तळघराच्या दारात आले. मी मोटारीजवळ उभी राहून मुलांच्या वह्या गोळा करत होते, म्हणून पुढचं सगळं मला ऐकू आलं.

"सुमन," ते म्हणाले.

मॅडमनी फळ्यावरची ओळ पूर्ण केली. मग वळल्या. "बोला, टेंबेसाहेब."

"माझी नात आहे. तुला मालूम असेल."

"मालूम आहे. हुशार आहे. तुमच्यावर नाही गेली."

त्यांनी ते गिळलं. "तिला घरी शिकवशील? काय फी असेल ती..."

"फी शेवटी सांगेन. ती लागली तर. आणि तेव्हा नाही म्हणायचं नाही. कबूल आहे का, आत्ताच सांगा."

"कबूल."

"दुसरं. रोज संध्याकाळी पाच वाजता तुम्ही स्वतः घेऊन यायचं. ड्रायव्हर नको. दोन तास बसायचं आणि घेऊन जायचं."

ते दीड वर्ष रोज आले. बाहेरच्या खोलीत त्यांच्यासाठी एक प्लास्टिकचं स्टूल असे, बरोबर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यासमोर. पहिल्या दिवशी त्यांनी ती तारीख वाचली आणि स्टूल जरा सरकवलं. दुसऱ्या दिवशी स्टूल परत तिथेच होतं. पुन्हा काही त्यांनी ते हलवलं नाही. रोज दोन तास ते त्या तारखेसमोर बसून राहायचे, कडक शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून. मॅडम त्यांना पाणीसुद्धा विचारत नसत. मीरा मात्र भराभर वर चढत होती. तिच्याही चुका डाव्या बाजूला चौकटीत पडायच्या, ती उठून सांगायची, पुसायची. एकदा तिनं विचारलंच, "आत्याआजी, ही तारीख कोणाची?" मॅडमनी नुसतं भावाकडे बघितलं. वसंतराव खिशातलं पेन काढून त्याचं टोपण लावत-काढत बसले.

परीक्षेचा फॉर्म माझ्या लॅपटॉपवर भरला. मीराकडे क्लासच्या नियमाप्रमाणे साधा बटणवाला फोन. मोबाइल नंबर आणि ईमेलच्या रकान्यात मी माझा घालणार, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "यांचा घाल. टेंबेसाहेबांचा."

माझा हात थांबला. वसंतराव स्टुलावरून उठले. "माझा कशाला?" ते म्हणाले. "मला हे नीट समजत नाही. यांचाच घाला ना."

"मुलाखतीचा मेसेज येईल, मेल येईल. तीन दिवसांत हो कळवायचं असतं, नाही तर जागा गेली," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "घरात पुरुषमाणूस आहे, जबाबदार आहे. पत्रं सांभाळायची सवय आहे."

ते दोघं गेल्यावर मी पहिल्यांदाच मॅडमशी भांडले. म्हटलं, तुमचा सूड तुमच्यापाशी, त्यात पोरीची जागा पणाला का लावता? त्यांनी ऐकून घेतलं. "झालं तुझं? आता पोर्टलचा पासवर्ड काय टाकला तो मला लिहून दे," एवढंच म्हणाल्या. मी रागारागानं लिहून दिला आणि घरी आले. तो कशासाठी हवाय, हे विचारायचं सुचलंच नाही.

परीक्षा झाली. मुलाखतीची पत्रं तीन आठवड्यांत कधीही येतील, असं संस्थेनं जाहीर केलं. त्या तीन आठवड्यांत वसंतराव टेंब्यांचं जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. फोन त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला. आंघोळीला जाताना बायकोला दाराबाहेर फोन धरून उभं करायचे. मला दिवसातून चार फोन. "मॅडम, रेंज एकच कांडी दाखवून राहिलीय." "मॅडम, ते स्पॅम कुठे बघायचं?" "मॅडम, एक कर्जवाल्यांचा मेसेज आला, तो चुकून डिलीट झाला, तो त्यांचाच नव्हता ना?" सकाळचं फिरणं बंद झालं, कारण बागेत नेटवर्क जातं. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "अहो, रात्रभर उशाशी घेऊन बसतात. झोपतच नाहीत. मी म्हटलं द्या माझ्याकडे, तर म्हणाले, माझ्या हातून गेला तर सुमन काय म्हणेल?" मी हे सगळं जसंच्या तसं मॅडमना सांगायची. त्या ऐकायच्या, आणि वरणभातावर जीरावन भुरभुरवून अगदी मन लावून जेवायच्या.

तिसऱ्या आठवड्यात, एका रविवारी दुपारी बाराच्या सुमारास, मी परदेशीपुऱ्यात मॅडमकडे होते. मीरा मुलाखतीच्या तयारीसाठी सकाळपासून आलेली. रिक्षा थांबल्याचा आवाज झाला आणि वसंतराव आत आले. ज्या माणसाला मी घरातही इस्त्रीच्या शर्टाशिवाय पाहिलं नव्हतं तो बनियन आणि पायजम्यात, घामानं निथळत, फोन दोन्ही हातांत धरून.

"आलं," ते म्हणाले. "सुमन, आलं. मीरा, आलं बघ."

मीरा उठली. मॅडमनी हातानं तिला थांबवलं.

"वाचा. मोठ्यानं."

त्यांनी वाचलं. इंग्रजी मजकूर, चार ओळी. मुलाखतीसाठी निवड झाली आहे, मुलाखत व्हिडिओवर होईल, अमुक तारखेपर्यंत संमती कळवावी. तारीख त्यांनी भरभर वाचून टाकली.

"तारीख परत वाचा."

त्यांनी परत वाचली.

"आता ती वाचा," मॅडम कोपऱ्याकडे बोट करून म्हणाल्या.

वसंतरावांनी फळ्यावरची तारीख वाचली. मॅडमनी ओलं फडकं पिळलं आणि त्यांच्यापुढे धरलं. ते फडकं घ्यायला हात पुढे करणार, तोच मॅडमनी ते मागे घेतलं.

"माझ्या वर्गाचा कायदा मालूम आहे ना? दीड साल ऐकून राहिले आहात. आधी गलती सांगायची."

"सुमन, पोरीसमोर..."

"पोरीसमोरच."

आणि मग बनियनवर उभ्या असलेल्या त्या सत्तरीच्या म्हाताऱ्यानं आपल्या नातीला सांगितलं. तुझ्या आत्याआजीला तिकडून असंच पत्र आलं होतं. पोस्टमननं माझ्या हातात दिलं. मला दोनदा नाही म्हणाले होते आणि तिला पहिल्या फटक्यात बोलावलं. मी ते कपाटात ठेवलं. उद्या देऊ, उद्या देऊ म्हणत राहिलो, तारीख निघून गेली. मग द्यायची हिंमत झाली नाही. नंतर तिनं विचारलं तेव्हा मी आईचं नाव घेतलं.

मीरा आजोबांकडे बघत राहिली. हातातलं पेन खाली ठेवून ती आतल्या खोलीत निघून गेली. वसंतरावांनी फडकं घेतलं आणि कोपरा पुसला. इतक्या वर्षांच्या गिरवण्यानं तिथे खाच पडली होती. पुसल्यावरही आकडे दिसतच होते.

ते पायरीवर जाऊन बसल्यावर मी मॅडमना हळूच म्हटलं, "समजा, नसते आले तर?"

"मी रोज सकाळी सहाला पोर्टल उघडून बघते," त्या म्हणाल्या. "तिथे आधी येतं, मेल मागून. आजचं मी सहालाच वाचलं. संमती पण कळवून टाकली. माझ्या पोरीची जागा मी त्या माणसाच्या भरवशावर ठेवीन का? पागल आहे का मी?"

"म्हणजे हे तीन आठवडे..."

"मी सोळा वर्षं काढली. त्यांना तीन हफ्ते जड झाले काय?" मग फडकं वाळत घालता घालता त्या म्हणाल्या, "खरं सांगू? नसते आले तर मला जास्त आनंद झाला असता."

मुलाखत त्याच खोलीत, त्याच फळ्यासमोर झाली. मीरा निवडली गेली. आजोबांशी ती कामापुरतं बोलायची; "जेवण झालं" आणि "निघते" एवढंच. वसंतराव मात्र खुशीत होते. नातीला तिकडे पोचवायला तेच जाणार होते. एका विद्यार्थ्याबरोबर एकच पालक, असं संस्थेनं कळवलं होतं. मस्कतहून कुणाला रजा नव्हती. आयुष्यात दोनदा ज्या फाटकानं नाकारलं त्या फाटकातून पालक म्हणून आत जायचं, ते आवार बघायचं, म्हणून त्यांनी पांढराशुभ्र नवा शर्ट शिवून घेतला होता. मला तो दाखवलाही. तिकिटं काढायची तेवढी बाकी होती. जायच्या आठवडाभर आधी ते मॅडमकडे आले आणि म्हणाले, "फी सांगायची राहिली तुझी. सांग, काय देऊ?"

"तिला सोडायला मी जाणार," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही स्टेशनपर्यंत या. सामान उचलायला."

त्यांनी तोंड उघडलं.

"तेव्हा कबूल केलं होतं," मॅडम म्हणाल्या. "नाही म्हणायचं नाही."

ते स्टेशनवर आले. नवा शर्ट घालून आले, कारण आता तो दुसरीकडे कुठे घालणार? मीराची मोठी बॅग एका हातात, मॅडमची जुनी सुटकेस दुसऱ्या हातात. मी हमाल बघते म्हटलं तर मॅडमनी मला डोळ्यांनी गप्प केलं. डब्यात चढून त्यांनी सामान बर्थखाली सरकवलं, दोनदा वाकले, दोनदा दम घेतला. मीरानं "आत्याआजी, तुम्ही खिडकीशी बसा" म्हटलं. आजोबांना तिनं नमस्कार केला, रीतसर, आणि पाणी प्यायला लागली.

मॅडमनी पर्समधून एक पिवळा पडलेला लिफाफा काढून मला दाखवला. "बरोबर घेतलाय," त्या म्हणाल्या, भावाला ऐकू जाईल अशा आवाजात. "गेटवर विचारीन म्हणते, मुलाखत अजून चालू आहे का. जरा देर झाली, घरची अडचण होती."

आम्ही दोघं खाली उतरलो. गाडी हलली. वसंतराव खिडकीबरोबर चालू लागले, मग थोडे भराभर. काचेवर त्यांनी बोटं टेकवली. आत मॅडम बसल्या होत्या, लिफाफा मांडीवर, पांढरे कॅनव्हासचे बूट जेमतेम फरशीला टेकलेले. त्यांनी भावाकडे एकदा नीट, सावकाश बघितलं. मग हात लांब करून पडदा ओढला.

माझ्या डोळ्यांसमोर टेंबे मॅडम आहेत त्या अशा. पंधरा दिवसांत नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही इंदूर सोडलं. त्या तेव्हा परतल्या नव्हत्या. लिफाफा गेटवर दाखवला की नाही, ते मला कळलेलं नाही.

त्या दिवशी गाडी गेल्यावर मी वसंतरावांना स्टेशनाबाहेर घेऊन आले. पार्किंगपाशी ते थांबले. "या वर्षी डबा नाही पाठवला तिनं?" त्यांनी विचारलं.

डबा स्कूटीच्या डिकीत होता. गाडी सुटल्यावर द्यायचा, अशी मला सूचना होती. मी काढून दिला. झाकणावर नेहमीसारखी चिठ्ठी. चौदा, मीरा टेंबे. त्याखाली पहिल्यांदाच दुसरी ओळ होती. पंधरा, सुमन टेंबे.

त्यांनी ती वाचली. दुसऱ्यांदा वाचली. या वेळी घडी केली नाही, खिशात घातली नाही. आजूबाजूला चौकीदार नव्हता. त्यांनी झाकण उघडलं, एक मावाबाटी उचलली आणि उभ्या उभ्या अख्खी तोंडात घातली. मग दुसरी. चावता चावता ते रडायला लागले. पाक हनुवटीवरून ओघळला आणि त्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर छातीभर पसरला. त्यांनी हातानं पुसायचा प्रयत्न केला, तसा तो जास्तच पसरला. ते माझ्याकडे बघायला लागले.

माझ्या पर्समध्ये रुमाल होता. मी काढला नाही.